शेतापासून मोंढ्यापर्यंत : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर आलेली पत्रं उघडली, तर निम्मी सोयाबीनची निघाली आणि त्यातली बरीचशी रागात लिहिलेली. राग खोटा नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात काहींचं पीक रानातच सडलं, आणि ज्यांचं वाचलं ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, दाण्यातली ओल मोजणाऱ्या 'हवे'च्या मीटरखाली सापडले. उत्तरं वाचण्याआधी माझ्याबद्दल एक माहीत असू द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात मी विस्ताराचं, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत न्यायचं, काम केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या काट्यावर बसतो. आधी एकरी उतारा वाढवा म्हणून गावोगाव सांगत फिरायचो. आता तो उतारा पोत्यात भरून येतो तेव्हा त्याचं काय होतं, ते रोज बघतो. त्यामुळे प्रश्न रानातला असला तरी माझं उत्तर बाजारात एक चक्कर मारून येणार.

औसा तालुक्यातून एक तरुण शेतकरी : सर, सोयाबीन मोंढ्यात नेलं. मीटरवर १६ हवा लागली आणि क्विंटलमागं सरळ पाचशे कापले. हमीभाव केंद्रावर गेलो तर १२ च्या वर घेत नाही म्हणाले. घरी आणून वाळवलं तर वजन घटलं. मग वाळवून उपयोग काय?

दादा, आधी हिशेब करू, भांडण मागून. हवा म्हणजे दाण्यातलं पाणी, टक्क्यांत. तुमच्या १६ हवेच्या एका क्विंटलमध्ये ८४ किलो कोरडा माल आणि १६ किलो पाणी. तो १२ हवेवर आणला की तेच ८४ किलो एकूण वजनाचे ८८ टक्के होतात. ८४ ला ०.८८ ने भागा. वजन भरतं साडेपंच्याण्णव किलोच्या आत-बाहेर. म्हणजे घट साडेचार किलोची. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला, तर साडेचार किलोचे झाले २४२ रुपये. मोंढ्यात १२ हवेच्या मालाला समजा ४,५०० चा भाव असेल, तर झाले २०५. पाण्यापोटी एवढी कपात रास्त आहे.

पण थांबा. हर्रासीत, म्हणजे लिलावात, पुकारलेला भाव कोणत्या हवेचा आहे, हे तुम्ही विचारलं का? तेलाचे कारखाने भाव काढतात तो बहुतेक '१० हवा, २ माती, २ डागी' या टक्क्यांच्या मापाने (डागी म्हणजे डाग पडलेले दाणे). हमीभाव १२ वर, कारखाना १० वर, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोलतो. १६ वरून १० वर यायला घट पावणेसात किलोची, म्हणजे ४,५०० च्या भावाने ३०० रुपये. भाव १० हवेचा असेल तर पाचशेतले तीनशे पाण्याचे. उरलेल्या दोनशेत वाळवायची मजुरी आहे, थप्पी तापली तर त्याची जोखीम आहे आणि तुमच्या घाईचे पैसेही आहेत. मजुरी आणि जोखीम मला मान्य आहे. ओला माल घेणाऱ्याला तो पसरावाच लागतो. घाईचे पैसे मात्र तुम्ही वाचवू शकता.

ते कसे, तर दोन उन्हं दाखवून. पण सकाळी पसरून दुपारी चारला गरम दाणेच पोत्यात भरू नका. गरम माल भरला की आत वाफ धरतो, आणि गरम दाण्यावर मीटरही खरं सांगत नाही. संध्याकाळी ढीग करा, रात्री ताडपत्रीखाली थंड होऊ द्या, भरणं सकाळी. मीटर नसेल तर दात आहेत. दाणा दाढेखाली 'कट्' वाजून दोन फाकी झाला तर माल बाजारात न्यायला हरकत नाही. नुसता दबला, दातांची खूण उमटली, तर अजून एक ऊन. आमच्या काट्यावर येणारी म्हातारी माणसं दाणा चावून जो आकडा सांगतात, तो मीटरच्या एक-दीडच्या फरकाने बरोबर निघतो. तरी दहा-बारा घरांनी मिळून एक मीटर घ्यावाच. घरी आकडा कळला की मोंढ्यात बोलायला तोंड राहतं. आणि नमुना वरच्या मुठीचा देऊ नका, घेऊ देऊ नका. पोत्याच्या मधला घ्यायला सांगा.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने १५ हवेपर्यंतचा माल हमीभावाने घ्यायला सूट दिली होती. ती त्या हंगामापुरती होती. त्यावर विसंबून ओली रास करून ठेवू नका.

मातीचंही सांगतो. घरी चाळणी मारली तर क्विंटलमागं दोन-तीन किलो माती-काडी सहज निघते. आपली काळी माती आपल्याच रानात राहिलेली बरी. ती भाड्याच्या टेम्पोत घालून लातूरला कशाला न्यायची?

जिंतूर तालुक्यातून एक शेतकरी : पन्नास क्विंटल सोयाबीन घरात आहे. भाव वाढेपर्यंत ठेवावं की विकून मोकळं व्हावं? देणंही आहे.

देणं आहे ना, मग घरात ठेवू नका आणि सगळं एकदम विकूही नका. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. आमच्याकडच्या शंभर जणांत दहांना तिची खबर असेल, त्यातले दोन वापरतात. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा. त्या दिवसाचा बाजारभाव किंवा शासनाने ठरवलेली किंमत, दोन्हींत जी कमी, तिच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. माल शेतकऱ्याचा स्वतःचा पाहिजे, व्यापाऱ्याचा चालत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद, ज्वारी, करडई सगळं बसतं. सगळ्याच बाजार समित्या ती राबवत नाहीत. तुमची राबवते का, ते आधी विचारा.

४,४०० चा भाव धरला तर क्विंटलला ३,३०० हातात येतात. सहा महिन्यांचं व्याज झालं ९८ रुपये. वर हमाली आणि वाहतूक. तेव्हा भाव दीडशे-दोनशेनेही वाढणार नसेल तर ठेवण्यात राम नाही.

आता वाढेल का? शपथेवर सांगणारा माणूस भेटला तर त्याला आधी त्याचं सोयाबीन कुठं आहे ते विचारा. मी फक्त भाव कशाने हलतो ते सांगतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ किलोच्या आसपास आणि बाकी जवळपास सगळी पेंड. म्हणजे नाव तेलबियांचं, पण पीक पेंडीचं. पेंड घेतात कोंबडीवाले आणि निर्यातवाले. अलीकडे मक्याच्या आणि तांदळाच्या इथेनॉलमधून उरणारा चोथा, डीडीजीएस म्हणतात तो, कोंबडीच्या खाद्यात स्वस्तात जाऊ लागला आणि सोयापेंडीची मागणी त्याने खाल्ली. दुसरीकडे तेल. कच्च्या सोयातेलावरचं मूळ आयातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ अखेरीस ते परत १० वर आणलं. आपण इथं जोडओळ, बीजप्रक्रिया, कीटकनाशकाचं माप यावर चर्चासत्रं घेतो, आणि पिकाचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने आणि इथेनॉलच्या कारखान्याने ठरतो. पीक निवडताना हे गणित कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिलं.

तुम्हाला सल्ला असा : देण्यापुरतं आत्ता विका, बाकीचं वाळवून तारण ठेवा. आणि सगळ्यात चांगल्या तुकड्यातली दोन-तीन पोती वेगळी काढा. कशाला, ते पुढच्या उत्तरात.

सेनगाव (जि. हिंगोली) येथून एक शेतकरी : दरवर्षी बॅग आणतो. दोनदा उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. घरचं बी धरावं तर गावात म्हणतात घरच्या बियाला उतारा येत नाही, आणि कायद्यानंही चालत नाही. खरं काय?

दोन्ही खोटं. सोयाबीनचं परागीभवन फुलाच्या आतल्या आत होतं, त्यामुळे घरचं बी संकरित कपाशीच्या बियासारखं बिघडत नाही. निगा राखली तर एकदा आणलेलं चांगलं बी दोन-तीन वर्षं खुशाल वापरा. आणि कायद्याचं म्हणाल, तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधलं ३९ वं कलम शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मोकळीक देतं. ब्रँडचं नाव छापून पिशवीत विकू नका, एवढीच मनाई आहे.

खरा घात होतो तो रास, म्हणजे मळणी, करताना. सोयाबीनचा अंकुर दाण्याच्या अगदी पातळ सालीखाली असतो, हरभऱ्यासारखा आत सुरक्षित नसतो. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं ट्रॉलीतून फेकलं, हमालाने उंचावरून आपटलं, की दाणा वरून गोरागोमटा दिसतो आणि आतला कोंब मेलेला असतो. बियाची रास करायची तर माल १३-१४ हवेवर असताना, ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवून. मळणीवाला कुरकुर करतो, कारण त्याला तासावर पैसे मिळत नाहीत, पोत्यावर मिळतात. त्याला पोत्यामागं थोडं जास्त द्या. दुबार पेरणीपेक्षा ते स्वस्तच पडतं. मग १० हवेपर्यंत वाळवा, ज्यूटच्या पोत्यात भरा, लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब. थप्पी पाच पोत्यांच्या वर चढवू नका. खताच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नाही.

मे महिन्यात उगवण बघा. पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतले शंभर दाणे मोजून घ्या. इथं आपली माणसं एक लबाडी करतात, टपोरे टपोरे निवडतात. निवडू नका, हाताला येतील ते घ्या, फुटके सोडून. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावा, गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून सरळ, धडधाकट कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलोने पेरा. पासष्ट आले तर बत्तीस-तेहतीस किलो. साठच्या खाली आले तर ते बी कारखान्याला द्या.

२०२५ सारख्या पावसाच्या वर्षी मात्र अडचण अशी की काढणीच्या तोंडावर भिजलेल्या सोयाबीनचं बी धरण्यात अर्थ नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने जानेवारीत अर्धा-एक एकर उन्हाळी सोयाबीन बियापुरतं पेरावं. वाण आपल्या विद्यापीठाचे बघा. एमएयूएस-१५८ पिकल्यावर लवकर फुटत नाही, मजूर चार-आठ दिवस उशिरा आले तरी शेंगा रानात तडकत नाहीत. एमएयूएस-१६२ च्या शेंगा जमिनीपासून वर लागतात, हार्वेस्टरच्या पात्याला सापडतात. आमच्या गावात कापायला माणूस मिळत नाही, तिथं हा गुण दोन क्विंटल जास्त उताऱ्यापेक्षा मोलाचा आहे.

मानवतहून एक शेतकरी : टिकाऊ शेती, शाश्वत शेती म्हणून सगळीकडं बोलतात. पण तशा मालाला मोंढ्यात एक रुपया जास्त मिळत नाही. मग करायची कशाला?

तुमचा राग मला पटतो. मोंढ्यात मातीतला सेंद्रिय कर्ब दिसत नाही. हर्रासीच्या ढिगाकडे बघून कुणी म्हणत नाही की या माणसाने पिकाचं उरलेलं काड जाळलं नाही, याला पन्नास रुपये चढवा. म्हणून माझं म्हणणं असं की या शेतीचा पैसा भावात शोधूच नका, खर्चात शोधा. जे तंत्र याच हंगामात खर्च किंवा नुकसान कमी करतं तेवढंच धरा; ज्याच्यासाठी चढ्या भावाची वाट बघावी लागते ते शेजाऱ्याला करू द्या.

रुंद सरी-वरंब्याचंच घ्या. हे तंत्र इक्रिसॅटने, म्हणजे हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीसाठी विकसित केलं. इक्रिसॅट १९७२ ची आणि आपलं परभणीचं विद्यापीठही १९७२ चंच. दुष्काळाच्या सालातली दोन्ही. काळी चिकण माती पाणी धरते ते तिचं भाग्य आणि पाणी सोडत नाही ते तिचं दुर्दैव. वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंनी सरी असली की जोराचा पाऊस सरीतून निघून जातो आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की सरीत मुरलेली ओल मुळांना मिळते. सरीमुळे काही ओळी कमी होतात, तेवढं बीही कमी लागतं. बीबीएफ, म्हणजे रुंद सरी-वरंब्याचं, यंत्र नसेल तर सपाट पेरून, उगवल्यावर दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी बांधून सरी काढा. विद्यापीठ हे किती वर्षं सांगतंय! २०२५ च्या पावसात, पाणी जिथं नुसतं साचून राहिलं होतं अशा रानांत, सरी काढलेलं पीक आणि न काढलेलं पीक धुऱ्यावरून ओळखू येत होतं. नदीचं पाणी जिथं शिरलं तिथं मात्र सरीचा काही इलाज नव्हता, ते खोटं कशाला सांगू.

दुसरं, काड. सोयाबीनची गुळी (भुसा) जनावराला किंवा रानात. पऱ्हाटी आणि तुराटी (कपाशीची आणि तुरीची वाळकी झाडं) बारीक करून कुजवता येते. जाळण्यात एका काडीचा खर्च, म्हणून जाळतात. पण त्यासोबत तुम्ही विकत घेतलेल्या खताचा हिस्साही धुरात जातो.

तिसरं, सोयाबीनमध्ये तूर. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. बदनापूरची बीडीएन-७११ पाच महिन्यांत येते, हलक्या-मध्यम जमिनीतली ओल संपायच्या आत हाती लागते. तुरीचं मूळ खोल जातं, पाला रानात झडतो, आणि एका पिकाचा भाव पडला तर दुसरं सावरतं. २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव ८,००० होता, पण तूर करमुक्त आयात करायची मुभाही तेव्हा मार्च २०२६ पर्यंत दिलेली होती, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवा.

केज तालुक्यातून एक ताई : आमचा बचत गट आहे, बारा जणींचा. ज्वारी पिकवतो, मोंढ्यात घालतो. 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह जास्त असतं म्हणे. ती पेरून जास्त भावानं विकता येईल का?

ताई, वाण खरा आहे. २०१८ साली आपल्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढला. किलोमागं सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरंच जास्त. पण दोन गोष्टी बघा. एक, ती खरिपाची ज्वारी आहे. कणसात दाणा भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि बीडची बाई काळी ज्वारी हातात धरत नाही, लोह असो की सोनं. दोन, लोह डोळ्याला दिसत नाही. मोंढ्यात ती साध्या खरीप ज्वारीच्या ढिगात पडणार आणि त्याच भावात जाणार. तुम्ही शाळा, अंगणवाडी, दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई अशा ठिकाणी थेट देणार असाल तरच ती पेरा, आणि गिऱ्हाईक आधी ठरवून मग पेरा. गटातल्या घरांनी स्वतःच्या लेकींसाठी दोन पोती ठेवली तर मात्र मी कशाचाच हिशेब विचारणार नाही.

विक्रीसाठी रब्बीची धरा, मालदांडी किंवा 'परभणी मोती'. भाकरीचं गिऱ्हाईक पांढरा, टपोरा, गोड दाणा मागतं. २०२५-२६ ला मालदांडीचा हमीभाव ३,७४९ होता, पण तुमचं गिऱ्हाईक पुण्यात आणि संभाजीनगरात भाड्याच्या घरात राहतं, मोंढ्यात नाही. पीठ विकायच्या फंदात पडू नका. ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं आणि परत आलेल्या पिशव्या गट मोडतात. दाणा चाळा, निवडा, पाच-पाच किलोत भरा. छोट्या उद्योगासाठीची अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. पिशवीवर गावाचं नाव आणि काढणीचा महिना लिहा. आणि कडब्याचा भाव विसरू नका! एखाद्या वर्षी कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्या) दाण्यापेक्षा जास्त देऊन जातो, तेव्हा बुटका वाण कुणी कितीही सांगितला तरी नको.

छत्रपती संभाजीनगरहून एक नोकरदार वाचक : 'विषमुक्त' तूरडाळ दीडपट भावाने घेतो. ती खरंच तशी आहे, हे ओळखायचं कसं?

'विषमुक्त', 'नैसर्गिक', 'गावरान' हे पिशवीवर कुणीही छापतं. 'सेंद्रिय' म्हणायचं तर प्रमाणपत्र लागतं. एक पद्धत त्रयस्थ संस्थेची, तिथं हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ धरतात. दुसरी पीजीएस, म्हणजे किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची रानं तपासायची. पिशवीवर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर कागदापेक्षा एक प्रश्न उपयोगी पडतो : 'तुरीला फुलं असताना अळी आली तेव्हा काय केलं?' शेंगा पोखरणारी अळी मराठवाड्यातल्या तुरीला येतेच. ज्याने विष फवारलं नाही तो लगेच सांगायला लागेल : पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्ष्यांना बसायला काठ्या, झाडाखाली गोणपाट धरून झाड हलवलं आणि अळ्या वेचल्या. आणि 'तरी चार आणे माल गेलाच' असंही म्हणेल. 'आमच्याकडं अळीच येत नाही' म्हणणाऱ्याची डाळ साध्या भावाने घ्या.

लातूरहून कृषी पदवीचा एक विद्यार्थी : सर, पदव्युत्तरला संशोधनाचा विषय निवडायचा आहे. शाश्वत शेतीत काय घेऊ?

बाळा, खताच्या पाच मात्रा आणि तीन अंतरं यांचा प्रयोग नको. त्याने पदवी मिळेल, तुझ्या वडिलांना काही मिळणार नाही. तू लातुरात आहेस, डाळीच्या गिरण्या दारात आहेत. तुरीचं एक पोतं धर आणि रानापासून डाळीपर्यंत त्याच्या मागे जा. दाण्यात डाळीचा भाग ८५ टक्क्यांच्या वर असतो, गिरणीत हाती येते ती ७०-७५ टक्के. मधली तूट कुठे होते? कोणत्या वाणाची साल चिवट आहे, कोणत्या हवेला चुरी जास्त पडते, शेतकऱ्याने आठ दिवस उशिरा काढली तर काय फरक पडतो? पैदासकार वाण निवडताना एकरी क्विंटल बघतो, गिरणीवाला डाळीचा उतारा बघतो, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. ती गाठ पडेल असा विषय घे. मार्गदर्शक म्हणतील हा आपल्या विभागात बसत नाही. अन्नतंत्र आणि कृषी अर्थशास्त्राचे दोन सल्लागार सोबत घे, बसतो. गिरणीवाले सुरुवातीला दार उघडणार नाहीत. हंगामाच्या गर्दीत जाऊ नकोस, पावसाळ्यात जा. तेव्हा त्यांना गप्पा मारायला वेळ असतो.

कळंबहून एक शेतकरी : सोयाबीन वाहून गेलं, रानात ओल भरपूर, वाफसा आता कुठं आला. एक पाणीही देता येणार नाही. हरभरा की करडई? पत्र वेळेत पोचलं तर सांगा.

पोचलं, फोनही केला होता, इतरांसाठी छापतो. पाणी देताच येणार नसेल आणि जमीन भारी असेल तर निम्मं रान करडई. तिचं मूळ हरभऱ्यापेक्षा खोल जातं, खालची ओल उचलतं. २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी हमीभाव करडईला ६,५४० जाहीर झाला होता, हरभऱ्याला ५,८७५. पण करडईचं हमीभाव केंद्र तुमच्या तालुक्यात उघडेल यावर माझी भिस्त नाही, त्यामुळे जवळचा तेलघाणा गाठून आत्ताच बोलून ठेवा. काट्यांमुळे मजूर येत नाहीत ही जुनी तक्रार आता हार्वेस्टरने मिटली आहे. हार्वेस्टर नसेल मिळत तर बिनकाट्याचा पीबीएनएस-४० बघा. पेरणी उशिरा झाली तर मावा हमखास, आणि तो बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो. कडेच्या दोन ओळी दर चार दिवसांनी बघत जा. शेंड्यावर मावा चिकटलेला दिसला की सगळं रान फवारायच्या आधी मला फोटो पाठवा.